सिस्टिम लिनियर आहे की नाही, कॉझल आहे की नाही हे ओळखायचं कसं? इंटर्नलच्या आधी कुणीतरी सांगा की

अनगोळची_ईसी
नमस्कार मंडळी. चौथ्या सेमला आहे, ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) ब्रँच, व्हीटीयूचा सिलॅबस. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं पहिलं मॉड्यूल संपलं, इंटर्नल डोक्यावर आलीय आणि मला अजून सिस्टिम बघून ती लिनियर का, टाइम इनव्हेरिएंट का, कॉझल, स्टेबल, मेमरीवाली, इनव्हर्टिबल हे काही धड सांगता येईना झालंय. व्याख्या पाठ आहेत ओ, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगीन: टाइम इनव्हेरिएंट म्हणजे इनपुट उशिरा दिला तर आउटपुट तोच, फक्त तेवढाच उशिरा; कॉझल म्हणजे पुढच्या वेळचा इनपुट लागत नाही; स्टेबल म्हणजे इनपुट मर्यादेत (बाउंडेड) तर आउटपुट पण मर्यादेत; मेमरीवाली म्हणजे आत्ताचा सोडून दुसऱ्या वेळचा इनपुट लागतो; इनव्हर्टिबल म्हणजे आउटपुटवरनं इनपुट परत काढता येतो. पण गणित समोर आलं की नुसता अंदाज. गाइडमध्ये उत्तरं आहेत पण कारणं नाहीत, "नॉन-लिनियर, कॉझल, अनस्टेबल" असं लिहून मोकळे झालेत.
ही बघा चार, एक्स म्हणजे इनपुट, वाय म्हणजे आउटपुट, टी म्हणजे वेळ. वाय(टी) = २ एक्स(टी) + ३. मग वाय(टी) = टी गुणिले एक्स(टी). मग वाय(टी) = एक्स(टी) गुणिले कॉस(टी + १). आणि वाय(टी) = एक्स(२टी). पहिलं तर सरळ रेषेचं समीकरण आहे, तरी नॉन-लिनियर कसं काय लिहिलंय?

निपाणी_नाका
गाइड छापणाऱ्यानं झोपेत लिहिलंय. सरळ रेषा म्हणजे लिनियर. नववीपासून हेच शिकवलंय की. पुढचा प्रश्न.

जुना_मास्तर
गाइड बरोबर आहे. नववीतली सरळ रेषा आणि इथली लिनियर सिस्टिम यांची गल्लत करू नका, इथं ग्राफ काढून बघायचंच नाही. बघायचं एवढंच की दोन इनपुट वेगवेगळे दिले तर दोन आउटपुट आले, आता तेच दोन इनपुट बेरीज करून एकदम दिले तर आउटपुटांची पण तीच बेरीज येते का. आणि इनपुट कितीही पट केला तर आउटपुट पण तितकाच पट होतो का.
२ एक्स + ३ मध्ये एक्स म्हणजे १ दिला तर ५ येतं, २ दिला तर ७ येतं. बेरीज झाली १२. आता १ आणि २ मिळून ३ दिला तर येतं ९. जमलं नाही, विषय संपला. ह्याच्याहून सोपी युक्ती सांगतो, इनपुट शून्य ठेवा. लिनियर सिस्टिमला शून्य दिलं तर शून्यच बाहेर आलं पाहिजे, कारण कुठल्याही इनपुटाची शून्य पट शून्यच. इथं शून्य दिलं तर ३ बाहेर येतंय. पण ही युक्ती उलटी वापरू नका हं, शून्याला शून्य आलं म्हणजे लिनियर झालीच असं नाही, एक्सचा वर्ग सुद्धा शून्याला शून्यच देतो.

निपाणी_नाका
पण सर, ते ३ तर नुसतं उचलून वर ठेवलेलं आहे, तेवढं काढलं की झालं लिनियर. एवढ्यासाठी पोरांचे मार्क कापायचे?

हिडकल_काठ
नाक्यावरच्या भावाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, आता घरी आहे. आमच्याकडं हेच "उचलून ठेवलेलं" रोज काढायला लागायचं. नदीला पाऊस नसताना सुद्धा जमिनीतनं झिरपून थोडं पाणी चालूच असतं, त्याला बेस फ्लो म्हणतात. म्हणजे इनपुट शून्य आणि आउटपुट शून्य नाही, तुमच्या त्या ३ सारखंच. तेवढं आधी वजा करतात आणि उरलेल्या पाण्यावर पुढचं सगळं गणित चालतं.
हे गणित काय, तर युनिट हायड्रोग्राफ. १९३२ मध्ये शर्मन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं मांडलं. पाणलोटावर सगळीकडं सारखा, ठरावीक वेळात १ सेंटिमीटर पाऊस असा पडला की तो सगळा वाहूनच आला, मुरला काही नाही, तर नदीचा विसर्ग तासागणिक कसा चढतो आणि कसा उतरतो त्याचा आलेख. एकदा हा आलेख हातात आला की २ सेंटिमीटर पावसाला प्रत्येक आकडा दुप्पट करायचा, आणि सहा तासांनी दुसरी सर आली तर तोच आलेख सहा तास पुढं सरकवून पहिल्यात मिळवायचा. दुप्पट करणं आणि मिळवणं हे लिनियर धरल्यामुळं चालतं, आणि सरकवणं हे टाइम इनव्हेरिएंट धरल्यामुळं. हिडकल धरणाच्या वरची घटप्रभा असो नाहीतर कणकुंबीहून खानापूरला येणारी मलप्रभा, हिशोबाची पद्धत हीच.

अनगोळची_ईसी
काका हे तर कन्व्होल्यूशनच झालं की, पट करायचं, सरकवायचं आणि मिळवायचं! आमच्याकडं दुसऱ्या मॉड्यूलला आहे ते. सिव्हिलवाले पण हे करतात हे माहीतच नव्हतं.

हिडकल_काठ
होय, तेच. फक्त आमच्यात कुणी तसं नाव घेत नव्हतं. आणि हे सगळं "धरलेलं" आहे हे पण लक्षात ठेव पोरी. जूनमध्ये जमीन तापून भेगाळलेली असते, पहिला पाऊस ती पिऊन टाकते. तोच पाऊस ऑगस्टमध्ये भिजलेल्या जमिनीवर पडला की बहुतेक सगळा ओढ्याला लागतो. म्हणजे पडलेला पाऊस इनपुट धरला तर सिस्टिम टाइम इनव्हेरिएंट राहतच नाही. म्हणून मुरलेला भाग आधी वजा करून उरलेला पाऊस इनपुट धरतात, त्यात निम्मी अडचण सुटते. लिनियरपण पण पुरतं खरं नाही. मोठ्या पावसात पाणी खोल आणि वेगात वाहतं, त्यामुळं लहान पाणलोटात पुराचं टोक हिशोबापेक्षा उंच आणि लवकर येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात पुरानं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, तसल्या पावसात लहान सरींवरनं बांधलेला आलेख जपूनच वापरायचा.

डॉल्बीवाला_अण्णा
सर आणि काका दोघांनी चांगलं सांगितलं, पण आमच्या धंद्यात पण हेच हाय बगा. मी डिप्लोमा केलोय, आता साउंडचा धंदा, गणपतीत शहापूर-वडगावकडं आपलाच सेट असतोय. मिक्सर ही लिनियर सिस्टिम. गायकाचा माइक आणि हार्मोनियमचा माइक वेगवेगळं लावून आयकलं काय आन् एकदम लावून आयकलं काय, बेरीजच येतीया. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला की तेवढ्या पटीनं वाढतंय.
आता अँप ताणा की जरा. क्लिपिंग, म्हणजे आवाजाची टोकं कापली जाणं, चालू झालं की लिनियर संपलं. कसं ओळखायचं सांगतो, १००० हर्ट्झ आन् १२०० हर्ट्झ असं दोन टोन एकदम सोडायचे. चांगल्या अँपमधनं तेच दोन बाहेर येतात, लहानमोठं झाले तर होऊदेत. क्लिप होणाऱ्या अँपमधनं ८०० आन् १४०० पण बाहेर येतंय, जे आपण दिलंच न्हाई. दोनदा १००० वजा १२००, आन् दोनदा १२०० वजा १०००. म्हणून फुटलेल्या आवाजात शब्द कळत न्हाईत, नुसता गोंगाट.

बेंगळुरात_अडकलेला_चिकोडीकर
अण्णा एक नंबर. मी डीएसपीचं (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचं) फर्मवेअर लिहितो, आमच्याकडं पण टेस्ट हीच, दोन टोन सोडून बघायचं. पण एक जोडतो. नवीन फ्रिक्वेन्सी बाहेर आली म्हणजे नॉन-लिनियरच असं धरू नका. इनपुटला कॉसनं गुणायचं, एएम मॉड्युलेटरमध्ये करतात तसं, ते लिनियर आहे. दोन इनपुट मिळवून गुणा नाहीतर गुणून मिळवा, सारखंच. तरी १ किलोहर्ट्झचा टोन दिला तर तो कॅरिअरच्या, म्हणजे त्या कॉसच्या फ्रिक्वेन्सीच्या, दोन्ही बाजूंना जाऊन बसतो, नवीन फ्रिक्वेन्सी. तिथं मोडलंय ते टाइम इनव्हेरिएंट असणं. लिनियर आणि टाइम इनव्हेरिएंट दोन्ही असेल तरच साइन वेव्ह देऊन त्याच फ्रिक्वेन्सीची साइन वेव्ह मिळते, मोठी-लहान झालेली, पुढं-मागं सरकलेली, पण फ्रिक्वेन्सी तीच. फुरिअर, ट्रान्सफर फंक्शन, फिल्टरचे ग्राफ, सगळा डोलारा ह्या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून तर ह्या प्रॉपर्टी पहिल्याच मॉड्यूलला घालतात. सरांना कंटाळा येत असेल शिकवायला पण हे गेलं तर पुढचं सगळं पाठांतर.

अनगोळची_ईसी
मग माझं तिसरं गणित, एक्स(टी) कॉस(टी + १), ते लिनियर आणि टाइम व्हेरिएंट. हे कळलं. पण कॉझल आहे का? टी + १ दिसतंय म्हणजे पुढची वेळ वापरलीय, म्हणून मी नॉन-कॉझल लिहिलं होतं, गाइडमध्ये कॉझल आहे.

निपाणी_नाका
आता गाइडच्या बाजूनं बोलतो. कॉझल.

जुना_मास्तर
हो, आणि कारण असं, की प्रश्न इनपुटच्या पुढच्या किमतीचा आहे, फॉर्म्युल्यातल्या कुठल्याही टी चा नाही. आत्ताचा आउटपुट काढायला इनपुट कुठल्या वेळचा लागतो तेवढंच बघा. इथं एक्स(टी) लागतो, म्हणजे आत्ताचाच. कॉस(टी + १) हा सिस्टिमच्या पदरचा ठरलेला गुणक आहे, उद्याचा कॉस किती असणार हे आजच माहीत आहे, त्याला कुणाच्या इनपुटची वाट बघावी लागत नाही. आणि आत्ताचाच इनपुट लागतो म्हणजे मेमरीलेस सुद्धा. मेमरीलेस असेल तर कॉझल असणारच, हे एक नातं मात्र पक्कं.
उलट फसवाफसवी एक्स(−टी) मध्ये आहे. पोरं टी म्हणजे ५ घालून बघतात, एक्स(−५) येतं, मागचं आहे, कॉझल लिहून पुढं जातात. टी म्हणजे −५ घाला, एक्स(५) आला, दहा सेकंद पुढचा. एक्स(टी भागिले २) पण तसंच, टी −२ घेतला तर एक्स(−१) लागतो. ऋण वेळ घालून बघितल्याशिवाय कॉझल लिहायचं नाही. एक्स(साइन टी) तर मी दर वर्षी घालायचो, टी उणे पाय (−π) घेतला की एक्स(०) लागतो, आणि निम्मा वर्ग तिथंच आडवा.

निपाणी_नाका
सर तुमच्या वर्गात नव्हतो हे बरं झालं. पण मला एक खरंच विचारायचंय. नॉन-कॉझल म्हणजे भविष्य बघणारी सिस्टिम, तसली काही असतच नाही, मग शिकायचं कशाला?

बेंगळुरात_अडकलेला_चिकोडीकर
असते की. वेळ चालू असताना नसते, पण रेकॉर्ड केलेला डेटा असेल तर पुढचं सँपल मेमरीत बसलेलंच आहे, घे आणि वापर. फोटोमध्ये तर वेळच नाही, पिक्सेलच्या डावीकडचं आणि उजवीकडचं दोन्ही समोर. काकांच्या पावसाचे जुने आकडे घेतले आणि प्रत्येक दिवसासाठी आदला, तो आणि दुसरा अशा तीन दिवसांची सरासरी काढली, तर ती नॉन-कॉझल सिस्टिम झाली, आणि काही बिघडत नाही. तीच लाइव्ह पाहिजे असेल तर एक दिवस थांबून आउटपुट द्यायचा, कॉझल झाली. फिल्टर डिझाइनमध्ये आम्ही हाच सौदा करतो, थोडा उशीर घ्यायचा आणि त्या बदल्यात पुढचं बघायचं.

अनगोळची_ईसी
टाइम इनव्हेरिएंट बघायची नक्की पद्धत कुणीतरी स्टेपनं सांगा ना. एक्स(२टी) मध्ये मला दोन्हीकडं सारखंच येतंय.

जुना_मास्तर
तू बहुतेक दोन्हीकडं टी च्या जागी टी − १ घालतेस. तिथंच घोटाळा होतो. दोन वेगळ्या गोष्टी करायच्या आहेत. एकदा इनपुट उशिरा द्यायचा आणि सिस्टिम काय देते ते बघायचं. नवा इनपुट धर, त्याचं नाव एक्स-दोन ठेव, एक्स-दोन(टी) = एक्स(टी − १). सिस्टिम त्याला काय करते, तर कंसातल्या टी च्या जागी २टी. म्हणजे एक्स-दोन(२टी), म्हणजेच एक्स(२टी − १). आता दुसरीकडं, जुना आउटपुट तयार आहे तोच एक सेकंद सरकव, वाय(टी − १), म्हणजे एक्स(२(टी − १)), म्हणजे एक्स(२टी − २). एकीकडं उणे १, एकीकडं उणे २. सारखे नाहीत, टाइम व्हेरिएंट. नव्या इनपुटला वेगळं नाव दिल्याशिवाय हे गणित करूच नकोस.
टी गुणिले एक्स(टी) आता तूच कर.

अनगोळची_ईसी
इनपुट उशिरा दिला तर टी एक्स(टी − १). आउटपुट सरकवला तर (टी − १) एक्स(टी − १). वेगळे. टाइम व्हेरिएंट. लिनियर आहे, मेमरीलेस आहे, म्हणून कॉझल. आणि स्टेबल... इनपुट १ ठेवला तर आउटपुट टी, वाढतच जातंय, म्हणजे अनस्टेबल. बरोबर काय सर?

जुना_मास्तर
शंभर टक्के. आणि बघ, अनस्टेबल दाखवायला तुला एकच इनपुट पुरला. मोडायला एक उदाहरण पुरतं, सिद्ध करायला मात्र कुठलाही इनपुट घेऊन चालतंय हे दाखवावं लागतं. उदाहरणावरनं "स्टेबल आहे" असं लिहिलं की मी शून्य मार्क द्यायचो.

डॉल्बीवाला_अण्णा
स्टेबलचं मी सांगतो थांबा. माइक स्पीकरच्या म्होरं नेला की कुईईई करतंय बगा, ते अनस्टेबल. स्पीकर माइकपासनं ३.४ मीटरवर असला तर आवाज तिथनं माइकला यायला १० मिलिसेकंद लागतात, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातोय. माइकमधनं अँप, अँपमधनं स्पीकर, स्पीकरमधनं परत माइक. एका फेरीला आवाज ०.९ पट होऊन आला तर दहा फेऱ्यांत ०.३५ राहिला, मरून जातोय. पण १.१ पट झाला तर सेकंदात शंभर फेऱ्या, शंभर फेऱ्यांत तेरा हजार पटीच्या वर. म्हणून फेडर केसभर वर सरकला की लगेच किंचाळतंय, मदी काही पायरी नसतीया. ह्याला लार्सन इफेक्ट म्हणतात.
आन् सगळे आवाज एकदम किंचाळत न्हाईत. १० मिलिसेकंदाच्या फेरीत १०० च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी फेरी मारून बरोबर ताळात परत येतात, त्यातली जिला खोलीत जास्त गेन मिळतोय ती पहिली सुटतीया. ती इक्वलायझरवर शोधून खाली करायची. मांडवात लोक आमच्याकडं रागानं बघतात पण तेवढ्या दोन सेकंदात आमचं हेच चाललेलं असतंय.

निपाणी_नाका
अण्णा, तेरा हजार पट झालं तर अँप पेटायला पाहिजे. पेटत नाही, म्हणजे आउटपुट बाउंडेडच राहिला, मग स्टेबलच की.

डॉल्बीवाला_अण्णा
पेटतंय पण कवाकवा. न्हाईतर अँप क्लिप होतंय आन् आवाज तिथंच अडकतोय. किंचाळी एकाच जोरात चालू राहतीया.

बेंगळुरात_अडकलेला_चिकोडीकर
म्हणजे लिनियर मॉडेल सांगतं अनस्टेबल, आणि खरी सिस्टिम नॉन-लिनियर होऊन थांबते. दोन्ही खरं आहे, फक्त कुठल्या सिस्टिमबद्दल बोलताय ते लिहायचं. परीक्षेत समीकरण दिलंय तीच सिस्टिम, तिला पॉवर सप्लाय नसतो.
अण्णांची फेरी समीकरणात लिहितो, वाय[एन] = एक्स[एन] + जी गुणिले वाय[एन − डी]. इथं एन म्हणजे सँपलचा नंबर, डी म्हणजे उशीर, जी म्हणजे एका फेरीचा गेन. जी ०.९ असेल तर जास्तीत जास्त आउटपुट इनपुटच्या १ + ०.९ + ०.८१ + असं करत १० पट, त्याच्या पुढं जाऊच शकत नाही. स्टेबल. आता जी बरोबर १ धरा. एक टाळी वाजवली तर ती तेवढ्याच जोरात कायम घुमत राहते, वाढत नाही, मग पोरं स्टेबल लिहितात. सतत १ देत राहा, दर फेरीला एक मिळत जातो आणि वाढतच जातं. अनस्टेबल. सर म्हणाले तेच, एका टाळीवरनं ठरवायचं नाही.

अनगोळची_ईसी
इंटिग्रेटर, म्हणजे इनपुटची सतत बेरीज करणारा, तो पण असाच ना? १ दिला की टी येतो. पण मग डिफरन्शिएटर, म्हणजे इनपुट किती वेगानं बदलतो ते देणारा, तो तरी स्टेबल असेल. आणि एक्सचा वर्ग, ई चा एक्सवा घात हे तर भसकन वाढतात, ते अनस्टेबल?

जुना_मास्तर
उलटं आहे बघ. एक्सचा वर्ग स्टेबल. इनपुट कधीच ५ च्या पुढं गेला नाही तर आउटपुट २५ च्या पुढं जाणार नाही, आणि व्याख्या एवढंच मागते. ई चा घात पण तसाच, मर्यादा मोठी असेल पण आहे. किती मोठी याच्याशी देणंघेणं नाही.
डिफरन्शिएटर मात्र अनस्टेबल. इनपुट साइन(टी वर्ग) घे. कधीच १ च्या वर जात नाही, पण जसजसा वेळ जाईल तसतसा जोरात हलायला लागतो. डेरिव्हेटिव्ह २टी कॉस(टी वर्ग), त्याला मर्यादाच नाही. इंटिग्रेटर आणि डिफरन्शिएटर दोन्ही अनस्टेबल, हे बऱ्याच एम.टेकवाल्यांना सुद्धा पटत नाही. आणि तुमच्या पुस्तकात काटकोनी चौकट काढतात तो आयडियल लो-पास फिल्टर (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी सोडणारा), त्याचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका क्षणाच्या टोच्याला मिळणारा आउटपुट, सिंक फंक्शन, तो दोन्ही बाजूला अनंतापर्यंत पसरलेला म्हणून नॉन-कॉझल, आणि इतका हळूहळू लहान होतो की त्याच्या निरपेक्ष किमतीचं इंटिग्रल अनंत, म्हणून स्टेबलही नाही. सगळ्या पुस्तकभर ज्याचं कौतुक तो फिल्टर दोन्ही परीक्षांत नापास.

हिडकल_काठ
आमचं हिडकल धरण पण इंटिग्रेटरच म्हणायचं. आत आलेलं वजा बाहेर सोडलेलं, त्याची सतत बेरीज म्हणजे साठा. फक्त भरलं की दारं उघडायला लागतात, म्हणजे अण्णांच्या क्लिपिंगसारखंच वरनं कापलेलं.

बेंगळुरात_अडकलेला_चिकोडीकर
काका, धरणावरनं एक महत्त्वाचं आठवलं जे गाइडमध्ये बहुतेक एका ओळीत असतं. जूनला धरणात आधीचं पाणी असतं. वाय[एन] = ०.९ वाय[एन − १] + एक्स[एन] हे समीकरण बघून सगळे डोळे झाकून लिनियर, टाइम इनव्हेरिएंट, कॉझल लिहितात. हे तेव्हाच खरं जेव्हा इनपुट सुरू व्हायच्या आधी आउटपुट शून्य होता. सुरुवातीला वाय मध्ये ५ शिल्लक असेल तर एकही इनपुट न देता ४.५, ४.०५ असं बाहेर येत राहतं. शून्य दिलं आणि शून्य आलं नाही, म्हणजे पुन्हा २ एक्स + ३ चाच किस्सा. नुसतं समीकरण म्हणजे सिस्टिम नाही, सुरुवातीची अट धरून सिस्टिम. प्रत्यक्षात फिल्टर सुरू करताना बफर शून्य केला नाही की आधीच्या कॉलचा आवाज पुढच्या कॉलच्या सुरुवातीला टपकतो.

निपाणी_नाका
म्हणजे मागच्या सेमच्या बॅकलॉगसकट पुढच्या सेमला गेलो तर मी नॉन-लिनियर. कळलं.

अनगोळची_ईसी
😂 इनव्हर्टिबल राहिलं. तेवढं सांगा मग आईची हाक यायच्या आत बसते सोडवायला.

जुना_मास्तर
त्यात फार काही नाही. दोन वेगळे इनपुट एकच आउटपुट देत असतील तर इनव्हर्टिबल नाही. एक्सच्या वर्गात ३ आणि −३ दोघांना ९, गेलं. डिफरन्शिएटरमध्ये कुठलाही स्थिर आकडा गडप होतो, गेलं. मागच्या सगळ्या सँपलची बेरीज करणारी सिस्टिम मात्र इनव्हर्टिबल, आजच्या बेरजेतनं कालची बेरीज वजा केली की आजचा इनपुट परत हातात.

निपाणी_नाका
सर, गुणाकार चालला की बेरीज पण चालणारच ना? म्हणजे इनपुट दुप्पट केला, आउटपुट दुप्पट झाला, एवढं बघितलं तर पुरे का? अर्धा वेळ वाचतो पेपरात.

बेंगळुरात_अडकलेला_चिकोडीकर
नाही पुरत. मिडियन फिल्टर घे, आमच्याकडं रोजच्या वापरातला, सिग्नलमधले टोचे काढायला. शेवटची तीन सँपल चढत्या क्रमानं लावायची आणि मधलं बाहेर द्यायचं. सगळी दुप्पट केली तर मधलं पण दुप्पट, उणे केली तर मधलं पण उणे. पट करायची परीक्षा पास. आता १, ०, ० दे, मधलं ०. मग ०, १, ० दे, मधलं ०. दोन्ही मिळवून १, १, ० दे, मधलं १ आलं. शून्य अधिक शून्य एक झालं. नॉन-लिनियर. पण टाइम इनव्हेरिएंट आहे, कॉझल आहे, स्टेबल आहे. उलटं पण असतं, कॉम्प्लेक्स सिग्नलचा नुसता रिअल भाग घेणारी सिस्टिम बेरजेत पास होते आणि जे नं (उणे १ च्या वर्गमुळानं) गुणलं की नापास. दोन्ही तपासायचं, नाहीतर दोन्ही एकदम, ए एक्स-एक अधिक बी एक्स-दोन असं घालून.

निपाणी_नाका
बरं मग आता माझ्याकडनं एक. वाय[एन] = एक्स[एन वर्ग]. अनगोळवालीनं सांगावं, गाइड न बघता.

अनगोळची_ईसी
लिनियर, कारण फक्त सँपल उचलून दुसरीकडं ठेवलंय, बेरीज आधी केली काय नंतर केली काय.
टाइम व्हेरिएंट. इनपुट एकानं उशिरा दिला तर एक्स[एन वर्ग − १], आउटपुट सरकवला तर एक्स[(एन − १) चा वर्ग]. एन २ घेतला तर एकीकडं एक्स[३], एकीकडं एक्स[१].
कॉझल नाही, एन २ ला एक्स[४] लागतो. ऋण पण घालून बघितलं सर, −१ ला एक्स[१] लागतो. मेमरीलेस पण नाही.
स्टेबल, इनपुटच्याच किमती बाहेर येतात, त्याच्या बाहेरचं काहीच नाही.
इनव्हर्टिबल नाही, एक्स[२], एक्स[३], एक्स[५] हे आउटपुटात कुठंच येत नाहीत, तिथं काहीही असलं तरी वाय तोच. ऋण बाजूची सगळी सँपल पण गेली.

निपाणी_नाका
आयला. ह्याचा स्क्रीनशॉट आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतोय, उद्या आमची पण इंटर्नल आहे.